मुलाम्याचा सम्राट

सिंगापुरात बुकित बातोकहून सकाळी सुटणाऱ्या एमआरटी मेट्रोत त्या काकू बऱ्याचदा माझ्यासमोर असायच्या. सत्तरी गाठलेली, अंगावर सुती साडी, पायात धावायचे बूट. पर्समधली जुनी नाणी काढून अंगठ्याने पुसत बसायच्या. नाव मी कधी विचारलं नाही.

एकदा मी बायकोला फोनवर सांगत होतो, "अगं, मला व्हाइस प्रेसिडेंट केलं!"

फोन ठेवताच काकू पुणेरी मराठीत म्हणाल्या, "अभिनंदन. पगार वाढला का रे?"

"नाही. कामं वाढली."

त्यांनी दोन रोमन नाणी माझ्या तळहातावर ठेवली. एक चांदीचं, त्यावर साधासुधा सम्राट. दुसऱ्यावरच्या सम्राटाला टोकदार मुकुट होता, पण मुलामा उडून आतलं तांबं दिसत होतं.

"हे मेले नाण्यातली चांदी हळूहळू काढत गेले," सम्राटाच्या नाकावर टिचकी मारत काकू म्हणाल्या. "मग मुकुट चढवला आणि म्हणाले, हे नाणं दुप्पट मोलाचं!"

"लोकांनी मानलं?"

"तोंडावर मानलं. चांगली चांदी मात्र घरात पुरून ठेवली."

रॅफल्स प्लेसला उतरून मी साहेबाला सांगितलं, पगार वाढणार नसेल तर पद नको. त्याने ते जेवणाच्या सुट्टीआधीच माझ्या शेजाऱ्याला देऊन टाकलं. बायको धड बोलेना. मी मात्र संध्याकाळी वेळेवर निघू लागलो.

एरवी मी पोहोचेपर्यंत लेक झोपलेली असायची. पहिल्याच दिवशी दार उघडून ती घाबरून म्हणाली, "बाबा, सो अर्ली? दे सॅक यू, इज इट?"

"नाही गं, नोकरी आहे," मी म्हटलं, "चप्पल घाल, खाली जेवायला जाऊ."