विजेच्या सिगारेटचा अभ्यास

कुठलीही गोष्ट अभ्यास केल्याशिवाय करायची नाही, या तत्त्वावर उभं आयुष्य काढलेला माणूस अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये एकच आहे आणि माझ्या पत्रिकेतल्या कुठल्यातरी ग्रहाच्या कृपेने तो माझा साडू आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या ताईंचे, हे यजमान. एका खासगी कंपनीच्या खरेदी खात्यात त्यांची हयात गेली. तिथे टाचण्यांची डबी घ्यायची तरी तीन दुकानांची कोटेशनं मागवायचा नियम होता. बाकीची माणसं असले नियम संध्याकाळी ऑफिसच्या कपाटात ठेवून घरी येतात. साडूभाऊ ते जेवणाच्या डब्याबरोबर पिशवीत घालून घरी आणायचे. एका मार्चमध्ये त्यांच्या बाहेरच्या खोलीतला पंखा बंद पडला. साडूभाऊंनी तातडीने अभ्यास हाती घेतला. पाती तीन असावीत की चार, मोटारीत तांबं किती, वारा खाली येतो की नुसता बाजूला फेकला जातो. एप्रिल गेला, मे गेला. आम्ही त्यांच्याकडे जायचो तेव्हा ताई एका हाताने वर्तमानपत्राचा वारा घेत दुसऱ्या हाताने सरबत ढवळत असायच्या. पंखा लागला तो दिवाळी झाल्यावर, चांगली थंडी पडल्यावर. ताईंनी शाल पांघरून त्याचं बटण दाबलं.

त्यांच्या घराचीही हीच कथा. परळच्या चाळीतून बाहेर पडायचं ठरलं तेव्हा साडूभाऊंनी दादरपासून अभ्यासाला सुरुवात केली. दादरचा अभ्यास पूर्ण होईपर्यंत दादर हाताबाहेर गेलं, मग गोरेगावचा सुरू केला, तेही गेलं. बोरिवलीला तर म्हणे फक्त पाण्याच्या दाबाचा मुद्दा शिल्लक राहिला होता. अभ्यास एकदाचा संपला तेव्हा भाईंदर पूर्वेचं जेसल पार्क आलं होतं. "आम्ही विचारपूर्वक इथे आलो," असं ते सांगतात तेव्हा ताई स्वयंपाकघरातून म्हणतात, "नशीब थांबले. अजून थोडा विचार केला असता तर सुरतेला असतो."

मासळीवालीसमोर तर मी त्यांच्या शेजारी उभाच राहत नाही. जवळच्या राई गावची एक म्हातारी टोपली घेऊन यायची. साडूभाऊ आधी माशाचे डोळे बघणार, मग कल्ले, मग मासा सरळ धरून तो वाकतो किती ते बघणार, मग तो कुठल्या पाण्यातला, कधी निघाला, बर्फात किती होता. एकदा त्या म्हातारीने कंबरेवर हात ठेवून विचारलं, "दादा, याला खायाचा हाय का याच्याशी पोरीचा लगीन लावाचा हाय?" साडूभाऊंनी हा प्रश्नही गंभीरपणे घेतला आणि सांगितलं, "खायचाच आहे. पण पोटात जाणार ना शेवटी?"

अशा या माणसाने एकच गोष्ट अभ्यासाविना केली होती. सिगारेट. कॉलेजच्या फाटकाशी कुणीतरी पुढे केली, यांनी घेतली. कोटेशन नाही, वॉरंटी नाही, पोटात काय जाणार आहे याची चौकशी नाही. तेव्हापासून साठीच्या उंबरठ्यापर्यंत तीच सिगारेट, तोच पानवाला आणि घराच्या गॅलरीत तीच खुर्ची. गॅलरीचं दार उघडं आणि वारा खाडीकडून आत, त्यामुळे धूर बाहेर जायच्या ऐवजी अदबीने बाहेरच्या खोलीत यायचा, तिथून स्वयंपाकघरात जायचा आणि ताईंची भेट घेऊनच विरायचा. "मी घरात ओढत नाही," असं मात्र ते छातीठोकपणे सांगायचे.

ती छातीच एका गणपतीत दगा देऊन गेली. त्यांच्या सोसायटीच्या गणपतीत एका आरतीचा शेवटचा सूर लांबवायचा मान साडूभाऊंचा. कुठली आरती ते तुम्हाला सांगायला नको. टाळ थांबायचे, बायका हसू दाबायच्या, शेजारचे गुजराती काका घड्याळ बघायचे आणि साडूभाऊंचा सूर चालूच. त्या वर्षी सूर निघाला, दोन पावलं चालला आणि फाटला. त्याच्या मागून खोकला आला आणि तो मात्र चांगला लांबला. लोकांनी सभ्यपणाने टाळ्या वाजवून आरती पुढे नेली. साडूभाऊ मंडपाच्या खांबाला धरून उभे होते. 

डॉक्टरांनी तपासलं आणि एका शब्दात सांगितलं, "सोडा." आता एका शब्दात सांगितलेली गोष्ट साडूभाऊंना पटते थोडीच? "सोडा म्हणजे कशी सोडा? पद्धत कोणती? पर्याय कोणते?" डॉक्टर पुढच्या पेशंटला बोलावून मोकळे झाले. साडूभाऊंनी स्वतःच पर्याय शोधला. त्या सुमारास मीरा रोडला विजेवर चालणाऱ्या सिगारेटची दुकानं निघाली होती. काचेआड निळे दिवे, आत रंगीबेरंगी नळ्या आणि बाहेर उभी पोरं जत्रेतल्या इंजिनासारखी वाफ सोडतायत. साडूभाऊंना हे एकदम शास्त्रीय वाटलं. "साडूभाऊ," मला ते म्हणाले (आम्ही दोघंही एकमेकांना साडूभाऊच म्हणतो, त्यामुळे फोनवर कोण कुणाला बोलतंय ते आमच्या बायकांना कळत नाही), "यात धूर नाही. वाफ आहे. वाफ आपण सर्दीला घेतोच की!"

आणि अभ्यास सुरू झाला. परदेशातली दाढीवाली तरुण मुलं मोबाइलवर नवशिक्यांना सल्ले द्यायची आणि साडूभाऊ ते सल्ले पूर्ण आवाजात, जेवताना ऐकायचे. आमटी वाढता वाढता ताईंनाही कॉइल, टँक आणि लिक्विड हे शब्द पाठ झाले. पेनासारखी घ्यावी की डबीसारखी? एकदा वापरून टाकायची की पुन्हा भरायची? बॅटरी आतली की बाहेर काढता येणारी? निकोटिन किती? "मी बिगिनर आहे," असं ते ज्याला त्याला अभिमानाने सांगायचे. सोसायटीच्या चेअरमनला सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं, माझ्या सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंना वाटलं, जावई इंग्रजीच्या क्लासला जातोय. गॅलरीतल्या खुर्चीत बसून ते मला कॉइलचे तोटे समजावून द्यायचे तेव्हा त्यांच्या बोटांत अर्थातच जुनी सिगारेट असायची. अभ्यासाला एकाग्रता लागते आणि एकाग्रतेला सिगारेट लागते. त्या काळात त्यांचा खप दुपटीने वाढला, असं पानवाल्याने मला खुशीत येऊन सांगितलं.

एका रविवारी ते मला दुकानात घेऊन गेले. दुकानदार पंचविशीचा, कानात बाळी, दंडावर कसलंसं गोंदण. त्याने आपुलकीने विचारलं, "अंकल, फ्लेवर कौनसा? मँगो बहुत चलता है।"

आमचे साडू रत्नागिरीचे. त्यांनी चष्मा सारखा केला. "कौनसा मँगो?"

"मतलब?"

"मतलब हापूस, पायरी, तोतापुरी, कौनसा?"

"अंकल, मँगो मतलब मँगो।"

साडूभाऊ माझ्याकडे वळले. देवळात कुणी चपला घालून शिरलेलं बघावं तसा त्यांचा चेहरा झाला होता. "मँगो मतलब मँगो! ऐकलंत? याच्यावर भरवसा ठेवून मी छातीत वाफ घेऊ?" त्यांनी त्या बाटलीचा वास घेतला आणि निकाल दिला, "रायवळसुद्धा नाय. हे सरबत आहे." मग पुदिना, मग कॉफी, मग गुलकंदासारखं काहीतरी. दुकानदाराचा उत्साह वितळत गेला. शेवटी त्याने मलाच विचारलं, "ये लेंगे, या सिर्फ सूँघेंगे?" त्याला काय सांगणार? पंख्याची गोष्ट सांगायला वेळ नव्हता.

माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याकडे तसली सिगारेट होती. साडूभाऊंच्या आग्रहावरून मी त्याला घेऊन त्यांच्याकडे गेलो. प्रत्यक्ष चाचणीशिवाय खरेदी नाही, हाही खात्याचा नियम. साडूभाऊंनी आंघोळ करून, स्वच्छ शर्ट घालून ती नळी हातात घेतली, उलटसुलट पाहिली, आणि शहाळं प्यावं तशी सगळ्या ताकदीने ओढली. पुढे काय झालं ते नीटसं सांगता येत नाही. नळीतला कडू रस जिभेवर, वाफ नाकात, चष्मा जमिनीवर आणि साडूभाऊ सोफ्यावर आडवे. ताई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. खोकता खोकता साडूभाऊ एकच वाक्य बोलले, "कॉइल... बरोबर... नाही." ताईंनी त्यांची पाठ चोळत माझ्या सहकाऱ्याला शांतपणे विचारलं, "चहा घेणार ना?"

तरीही वर्ष सरता सरता अभ्यास पूर्ण झाला. मॉडेल ठरलं, रंग ठरला, वास ठरला (कुठलाच नाही). येत्या रविवारी जाऊन घ्यायची, असं त्यांनी आमच्या दोन्ही घरांत जाहीर केलं. त्या रविवारच्या आत सरकारने विजेच्या सिगारेटवर देशभर बंदी घातली. बातम्या ऐकताना साडूभाऊ टीव्हीकडे असे बघत होते की जणू दिल्लीत कुणीतरी त्यांचा अभ्यास संपायची वाट बघत बसलं होतं.

रविवारी आम्ही तरीही गेलो. दुकानातले निळे दिवे तेच होते, पण नळ्यांच्या जागी मोबाइलची कव्हरं लटकत होती. बाळीवाल्याने आम्हाला ओळखलं. इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाला, "अंकल, चाहिए तो मिल जाएगा। पीछे से।"

साडूभाऊंनी तितक्याच हळू आवाजात विचारलं, "पक्का बिल मिलेगा ना?"

त्याने पुन्हा इकडेतिकडे पाहिलं.

"और वॉरंटी? उसपे दुकान का शिक्का लगेगा ना?"

त्याने एक मोबाइल कव्हर पुसायला घेतलं. आम्ही घरी आलो. वाटेत साडूभाऊंनी पानवाल्याकडे थांबून एक पाकीट घेतलं, आणि पुढची काही वर्षं पुन्हा जैसे थे गेली. मी कधी विषय काढला तर म्हणायचे, "मी तयार होतो. सरकार तयार नव्हतं."

मग ताईंना खोकला सुरू झाला. आधी हवेचा म्हणून सोडला, मग धुळीचा म्हणून. इकडे सतत कुठलीतरी इमारत पडत असते नाहीतर उभी राहत असते. हळद, ज्येष्ठमध, काढे झाले. जिना चढताना त्या मधल्या मजल्यावर थांबायला लागल्या, तेव्हा साडूभाऊंनी छातीच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. मीही बरोबर गेलो. रिपोर्ट समजून घ्यायला त्यांना साक्षीदार लागतो. बाईंनी छातीचा फोटो दिव्यासमोर धरला, ताईंकडे पाहिलं आणि विचारलं, "मावशी, सिगारेट ओढता का?"

ताई म्हणाल्या, "नाही हो. ओढतात हे. मला आयतीच मिळते."

मी हसलो. ताईही हसल्या आणि त्या हसण्यातून त्यांना ढास लागली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून," ताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. माहेरचं गाव विचारलं असतं तर ते जसं सांगितलं असतं तसं सांगितलं.

साडूभाऊंनी त्या दिवशी एकही प्रश्न विचारला नाही. रिपोर्ट उलटा धरून बसले होते. बाईंनी ताईंना तोंडातून ओढायचा औषधाचा पंप लिहून दिला. खाली औषधाच्या दुकानात दुकानदार म्हणाला, "यात दोन-तीन कंपन्या आहेत, कुठला देऊ?" मी सवयीने बाकड्यावर बसून घेतलं. आता पंखा होणार, म्हटलं. साडूभाऊ म्हणाले, "जो असेल तो द्या. लवकर द्या."

परतताना पानवाल्याने त्यांना लांबून बघूनच पाकीट काढून ठेवलं होतं. साडूभाऊ थांबले आणि मान हलवली.

"क्या हुआ अंकल? दूसरा ब्रँड?"

"नही. बस."

एवढंच. पुढचे दिवस सोपे गेले असं कुणी समजू नये. साडूभाऊंनी लवंगा चघळल्या, शेंगदाणे खाल्ले, सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीवरून तिघांशी भांडण काढलं आणि एकदा तर गॅलरीतली खुर्ची रागाने उचलून भंगारवाल्याला दिली. ताई माझ्या बायकोला फोनवर म्हणाल्या, "ओढत होते तेव्हा निदान माणसात होते गं." पण पाकीट काही घरात आलं नाही. मी एकदा धीर करून विचारलं, "साडूभाऊ, अभ्यास न करताच सोडलीत?" त्यांनी तोंडातली लवंग गालात सरकवली. मग म्हणाले, "अहो, तीन कोटेशनं कधी मागवायची? तीन दुकानं असतात तेव्हा. माझ्याकडे ही एकटीच आहे."

ताईंचा खोकला कमी झाला. गेला मात्र नाही. जायचा नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. संध्याकाळी दोघं जेसल पार्कच्या खाडीकाठी फिरायला जातात. परवा मीही त्यांच्याबरोबर होतो. ताईंची पावलं मंदावली तसे साडूभाऊ एकदम थांबले आणि हात लांब करून म्हणाले, "अगं, ती बघ होडी. मुर्धा गावची दिसतेय. शिडाची आहे, हल्ली फार नाही दिसत अशा." आणि होडीचं लाकूड कुठलं, तिला डांबर कधी लावतात, भरती-ओहोटीचा हिशेब कसा असतो, असं बरंच काही सांगत राहिले. मी खाडीकडे पाहिलं. पाणी ओहोटीला लागलेलं, पलीकडे चिखल आणि तिवरं. होडी कुठेच नव्हती.

ताई कठड्याला हात टेकून उभ्या होत्या. श्वास जरासा सापडल्यावर म्हणाल्या, "हो की. छान आहे." आणि पदराने ओठ टिपून, यजमान दाखवत होते त्या दिशेला बघत राहिल्या.