महागड्या माऊसची रेघ

उन्हाळ्यात आमच्या घरातली सगळी भांडणं कूलरवरून होतात. पाणी कोणी भरायचं, तोंड कोणाच्या पलंगाकडे करायचं, एवढंच. गेल्या मे महिन्यात मात्र भांडण झालं ते एका माऊसवरून.

माझी मुलगी मिहानच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत नोकरीला आहे. सुटीच्या दिवशी ती मैत्रिणींसोबत कॉम्प्युटरवर बंदुकीचा गेम खेळते आणि त्या गेमसाठी तिनं स्वतःच्या पगारातून एक खास माऊस मागवला. मी तो हातात घेतला तर इतका हलका की कारखान्यात आत काही भरायचं विसरलेच की काय असं वाटलं. मग तिनं किंमत सांगितली. तेवढ्या पैशांत आमच्या ऑफिसातले सगळे माऊस बदलून वर सगळ्यांना नाश्ताही देता आला असता.

"दोन बटनं अन् एक चाक," मी म्हणालो. "सोन्याचा मुलामा चढवला काय त्याले?"

"बाबा, हात जेवढा हलते तेवढंच हा दाखवते. साध्यात तसं नसते."

"मले नको शिकवू वं. माझा जन्म रेघा काढण्यात गेला."

हे मात्र खरं होतं. हिंगण्याच्या एका कारखान्यात मी साच्यांची ड्रॉइंगं करतो. पत्रा दाबून वस्तू तयार करायची तर आधी तिचा साचा लागतो, आणि साच्याआधी कागदावर त्याची रेघ लागते. नोकरीला लागलो तेव्हा लाकडी बोर्ड होता आणि पेन्सिल होती. आमचे तेव्हाचे साहेब नव्या मुलांना माझ्या टेबलाशी आणून सांगायचे, पट्टी न लावता काढलेली ही रेघ पाहा. पुढे कॉम्प्युटर आले, बोर्ड भंगारात गेले, पण त्या रेघेचा ताठा काही माझ्या अंगातून गेला नाही. घरचा जुना माऊस स्वस्तातला होता आणि त्यावर माझं उत्तम चाललं होतं. त्यामुळे मी पैज लावली. दोन्ही माऊसनी मी एकेक रेघ काढणार, ज्याची सरळ येईल तो चांगला. हरणाऱ्यानं सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घालायचे.

ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन टोकं दाखवली की रेघ आपोआप सरळ येते, म्हणून आम्ही चित्रं काढायचं कोरं पान उघडलं. बायकोला पंच म्हणून बसवलं. जुन्या माऊसनं मी डावीकडून उजवीकडे रेघ ओढली. बोर्डावर काढायचो तशीच आली. मग मुलीचा माऊस घेतला आणि तशीच ओढली, तर पडद्यावर बारीक दातेरी रेघ उमटली, करवतीच्या पात्यासारखी. पुन्हा काढली. पुन्हा तशीच.

मला इतका आनंद झाला की टाळीच वाजवली. "घे. हा तुझा महागडा माऊस. सरळ चालता येत नाही त्याले."

मुलीनं माऊस माझ्या हातून घेतला, एक रेघ काढली आणि मी चष्मा सावरून पाहीपर्यंत पुसून टाकली. बायको उठून आत गेली. हरल्यावर माणसं अशीच गप्प होतात असं मी समजलो, आणि जिंकलेल्या माणसाला शोभत नाही ते केलं. म्हणालो, "फॉल्टी माल हाय हा. आत्ता सीताबर्डीच्या दुकानात नेऊन पैसे परत घेऊ."

"राहू द्या बाबा. मी वापरते तसाच."

"कायले वापरते? पैसा काय झाडाले लागला?"

बायको स्वयंपाकघरातूनच म्हणाली, "कायले जाता एवढ्या उन्हात?" दोघी एक झाल्या म्हणून मला जास्तच चेव आला. भर दुपारी डोक्याला दुपट्टा बांधून गाडी काढली. मुलगी मागे बसली. आमच्या हुडकेश्वरहून सीताबर्डी येईपर्यंत ती दोनदा म्हणाली, परत फिरू, आणि दोन्ही वेळा मी गाडी जोरात पळवली.

दुकानदार तरुण होता. त्यानं डबा उलटापालटा करून पाहिला. "काका, हा तो टॉप का पीस है. ह्याच्यात फॉल्ट निघत नाही."

"निघत नाही? लाव तुझ्या कॉम्प्युटरले."

त्यानं लावला. आणखी दोन गिऱ्हाइकं काउंटरला टेकून पाहू लागली. दुकानदारानं रेघ ओढली, सरळ आली. मी म्हणालो, रोजची सवय असेल तुझी. त्यानं माऊस मुलीकडे सरकवला. तिनं हात मागे घेतला. "काढ ना, ताई," तो म्हणाला. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं हळूच रेघ काढली. तीही सरळ आली.

"आता तुम्ही काढा, काका."

मी काढली. दातेरी. दुकानदारानं काहीतरी सेटिंग कमी केलं, म्हणाला आता पाहा. दाते बारीक झाले, पण होतेच. मी मनगट काउंटरवर घट्ट दाबून काढली, श्वास धरून काढली. जसजसा जोर लावत होतो तसतशी रेघ बिघडत होती आणि पाहणारी माणसं आता पडद्याकडे न पाहता माझ्या हाताकडे पाहू लागली होती. दुकानदारानं मुकाट्यानं एक साधा माऊस जोडून दिला. त्यानं माझी रेघ सरळ आली.

"हे असं काहून?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"काही काही स्वस्तातल्या माऊसमध्ये आतच सोय राहते काका, वाकडं झालं तं सरळ करून दाखवते. हा महागडा काही करत नाही. हातात जे हाय तेच दाखवते." मग त्यानं माऊस पुसून डब्यात ठेवला. "माल बरोबर हाय."

मागचं गिऱ्हाईक पुढे सरकलं. आम्ही बाहेर आलो.

दुकानाशेजारी रसवंती होती. मुलीनं दोन ग्लास सांगितले. माझा ग्लास काठापर्यंत भरलेला आला आणि मी तो उचलला, तर रस हलून बोटांवर आला. याआधी कधी असं झालं नव्हतं, असं मी मनाशी म्हणत होतो. तेवढ्यात मुलीनं काही न विचारता माझा ग्लास घेतला, त्यातला थोडा रस आपल्या ग्लासात ओतला आणि परत माझ्या हातात दिला. तिचं हे इतकं सवयीचं होतं की मला घरचा चहा आठवला. कित्येक महिने बायको मला पाऊण कप चहा देत होती. त्यावरून मी तिला पाहुण्यांसमोर चिडवलं होतं, नवऱ्याला चहासुद्धा मोजून देते म्हणून. ती हसून घ्यायची.

घरी पोचल्यावर मी चपला काढायच्या आधी बायकोला विचारलं, "कधीपासून?"

कशाबद्दल विचारतो आहे हे तिला सांगावं लागलं नाही. "दिवाळीपासून," ती म्हणाली.

"मले सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तं तुम्ही ऐकलं असतं? चष्म्याचा नंबर बदलून आणला तुम्ही तवा."

कारखान्यात मोजमाप घेताना काटा हलायचा, तेव्हा मी दोष डोळ्यांना दिला होता. कुलपात किल्ली एका दमात जाईना तेव्हा कुलूपवाल्याला शिव्या घातल्या होत्या. मला फार राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळेना. बायकोवर, मुलीवर, की त्या जुन्या माऊसवर, जो इतके दिवस माझ्या तोंडावर गोड बोलत होता.

धंतोलीतल्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ मिळायला काही दिवस लागले. ते दिवस कसे गेले ते माझं मला ठाऊक. कंपनीच्या बसमध्ये मी हात मांडीवर न ठेवता पिशवीखाली ठेवायचो. जेवणाच्या सुटीत डबा घेऊन एका कोपऱ्यात बसायचो. ड्रॉइंगवाल्याचा हात थरथरतो हे एकदा पसरलं की माझ्या ड्रॉइंगमधलं प्रत्येक माप दुसरा माणूस तपासणार, आणि मग एक दिवस ड्रॉइंगच दुसऱ्याकडे जाणार. आमच्या खात्यातल्या एका पोरानं मुलीच्या माऊसबद्दल ऐकलं होतं. त्यानं विचारलं, एवढे पैसे टाकण्यासारखा आहे काय? मी म्हणालो, नाही. तो मनापासून हसला, मीही हसलो आणि चहाचा कप टेबलावरच राहू दिला.

दवाखान्यात यवतमाळपासून गडचिरोलीपर्यंतची माणसं बसली होती. कोणाला धरून आणलेलं, कोणाचं तोंड वाकडं झालेलं. माझ्यासोबत मुलगी आली होती. डॉक्टरीणबाईंनी मला हात समोर ताठ धरायला लावले, बोटांवर एक कागद ठेवला आणि तो फडफडताना पाहत राहिल्या. नंतर पेन देऊन म्हणाल्या, गोगलगायीच्या पाठीवर असते तशी आतून बाहेर फिरत जाणारी रेघ काढा. ज्या हातानं आयुष्यभर पोट भरलं त्या हाताची अशी परीक्षा कोणी घेईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी काढली. त्यांनी ती पाहून शांतपणे बाजूला ठेवली.

"घरात अजून कोणाचा हात थरथरायचा का?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि माझे वडील डोळ्यांपुढे आले. ते ताकाचा पेला नेहमी दोन्ही हातांनी धरायचे. आम्हा भावंडांना वाटायचं, अन्नाचा मान राखतात. पंगतीत ते वाढायला कधी उभे राहायचे नाहीत आणि लोक त्यांना आळशी म्हणायचे. चारचौघांत बसले की दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसायचे. मी हे सगळं बाईंना सांगितलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्हाला ज्या कंपवाताची धास्ती होती तो हा नाही. हा कंप घराण्यातून येतो, हळूहळू वाढतो, गोळीनं आटोक्यात राहू शकतो. चहा कमी करा, काळजी कमी करा, काम सोडायची काही गरज नाही. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी हात जोडले आणि उठता उठता, घरी सांगायला बरं म्हणून विचारलं, "घराण्यातून म्हणजे?"

"म्हणजे वडिलांकडून तुम्हाला आला. मुलं किती तुम्हाला?"

"ही एकच."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "होईलच असं नाही," त्या म्हणाल्या. "होणारच नाही असंही सांगता येत नाही. आतापासून त्याचा विचार करू नका."

मुलगी छताच्या पंख्याकडे पाहत होती. तिनं मान हलवली, हो म्हणून. दोन्ही हात तिनं पर्सवर ठेवले होते. ते मी पाहिले, आणि मी पाहतो आहे हे तिनं पाहिलं. घरी येताना आम्ही रस प्यायला थांबलो नाही.

गोळ्यांनी मला फरक पडला. कारखान्यात साहेबांना मी स्वतःच सांगितलं, त्यांनी माझी मापं दुसऱ्याकडून तपासून घ्यायला सुरुवात केली आणि त्यात मला वाटला होता तेवढा अपमान काही नव्हता. मुलीनं एकदा सांगितलं की तिच्या माऊसमध्येही रेघ सरळ करून दाखवायची सोय आहे, फक्त ती चालू करावी लागते. करून देऊ काय, म्हणाली. मी म्हणालो, नको, बंदच राहू दे. हात बरा आहे की नाही हे मला दर आठवड्याला कळायला हवं होतं. त्या कामासाठी तो माऊस महाग नव्हता, आणि खात्यातल्या पोराला मी नंतर तसं सांगितलंही. त्याला काही ते पटलं नाही.

पावसाळा आला तरी कूलर काढला नव्हता. एका रविवारी दुपारी पाणी प्यायला उठलो. मुलीच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. गेमचा आवाज नव्हता, मैत्रिणींशी बोलणं नव्हतं. ती माऊस धरून कोऱ्या पानावर रेघा काढत होती. एक काढायची, पडद्याजवळ तोंड नेऊन पाहायची, खाली दुसरी काढायची. पान भरलं की पुसायची आणि पुन्हा सुरू. कूलरच्या घरघरीत तिला माझी चाहूल लागली नाही, असं मला वाटलं. कितीतरी वेळ मी तिथे उभा होतो, आणि त्या रेघांकडे पाहायची माझी हिंमत होत नव्हती.

शेवटी पाहिलं. सरळ होत्या. एकूण एक सरळ.

माझा जीव भांड्यात पडला असेल नसेल, तोच ती मागे न वळता म्हणाली, "आज तं सरळ हाय, बाबा."

तिला मी तिथे असल्याचं माहीत होतं. मी खोलीत जाऊन तिच्या पलंगावर बसलो. म्हणावंसं वाटलं, उद्याही सरळच राहील, नेहमीच राहील. पण खोटं बोलायला माझी जीभ रेटेना.

तेवढ्यात बायको चहा घेऊन आली. माझा कप पाऊणच होता. मुलीचा मात्र तिनं काठोकाठ भरला होता, इतका की ट्रेमध्ये चालत आणताना तिची नजर त्याच्यावरून हलली नव्हती. कप टेबलावर ठेवून ती तिथेच उभी राहिली, रिकामा ट्रे पोटाशी धरून. मुलीनं कपाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. तिला कळलं. तिनं माऊस सोडला, कप कानाला धरून एकाच हातानं उचलला आणि आम्ही दोघं पाहत असताना ओठांपर्यंत नेला. थेंबही सांडला नाही. मग बायको आत गेली.