गावाकडच्या आहेत

त्यानं आईच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं ते दोन बोटांनी. कोपऱ्याला धरून, मेलेला उंदीर शेपटीला धरून उचलतात तसं. मग काउंटरवरची सॅनिटायझरची बाटली आणली, फडक्यावर फवारलं आणि आईच्या देखत ते पुस्तक पुसायला लागला. आधी कव्हर. मग आतली पानं, जिथं जिथं तिचं बोट लागलं होतं तिथं. पानं ओली होऊन फुगली. आई लहान मुलांच्या कोपऱ्यात रंगीत चटईवर बसली होती. तिथूनच मान वर करून बघत होती.

मी चार हात लांब उभी होते. हातात माझं पुस्तक होतं.

तो मॅनेजर होता. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र. माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमच्यासोबत आहेत का ह्या? मॅडम, ही लायब्ररी नाही. आणि थुंकी लावून पानं उलटतात त्या. बाकीचे कस्टमर बघतायत."

खरंच बघत होते. पाच-सहा जण. त्यातल्या एक बाई आमच्या भागातल्या, ओळखीच्या. मला घाम फुटला, त्या एसीत.

मी म्हणाले, "हो. गावाकडच्या आहेत. अडाणी आहेत, सॉरी."

एवढंच बोलले. आता कितीही घासलं तरी ते वाक्य जात नाही. पुस्तक पुसता येतं, माणसाचं तोंड कसं पुसायचं?

बारामतीतलं हे दुकान मोठं आहे. काचेचा दरवाजा, आत गारवा, हळू आवाजात इंग्रजी गाणी. पुण्यामुंबईतही त्यांची दुकानं आहेत. मी इंदापूर तालुक्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते, राहते बारामतीत. महिन्यातून एकदा तरी तिथं जायचेच. आणि दर वेळी थोडी लहान होऊन बाहेर यायचे. एकदा एक पुस्तक मागितलं तर काउंटरवरची मुलगी कॉम्प्युटरमध्ये बघून म्हणाली, "नाही दाखवत." पुस्तक तिच्या पाठीमागच्या फळीवर होतं. मी बोट दाखवलं. तिनं वळूनही बघितलं नाही. "सिस्टीमला नाही ना मॅडम." मराठी पुस्तकं शेवटच्या रांगेत, खालच्या फळीवर, गुडघे टेकून बघायची. माझी पिशवी दारात काढून घ्यायचे आणि माझ्याबरोबर आत शिरलेल्या बाईची पर्स तिच्याच खांद्यावर असायची. हे सगळं मी गिळायचे. कारण खरं सांगू? मला तिथं जायला आवडायचं. त्या गारव्यात उभं राहिलं की वाटायचं, आपल्या गावच्या, कळंबच्या उसातनं आपण फार लांब आलो.

कळंबला आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जात होती. मी शाळेत होते तेव्हाही आणि मला नोकरी लागल्यावरही. जाऊ नको म्हटलं की म्हणायची, "मग काय करू, तुज्या सोफ्यावर बसू?" तिला अक्षर येत नव्हतं. गेल्या वर्षी गावातल्या शाळेच्या व्हरांड्यात प्रौढांचा वर्ग सुरू झाला. संध्याकाळी रानातून आल्यावर पाय धुऊन ती पाटी घेऊन जायला लागली. वर्ग शिकवणाऱ्या गुरुजींनी दोन गोष्टी पक्क्या सांगितल्या होत्या. ओळीखाली बोट ठेवायचं. आणि मोठ्यानं वाचायचं, मनात वाचलं की माणूस चुकतो आणि चुकलेलं कुणाला कळत नाही. बोट ओलं करायचं मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिच्या बोटांना भेगा आहेत. कातडी इतकी कोरडी की गुळगुळीत पान त्या बोटांना धरवतच नाही. दोन-दोन पानं एकदम उलटतात. म्हणून ती जिभेला बोट लावते. ज्यांच्या हातांना क्रीम असतं त्यांना हे कळणार नाही.

परीक्षा पास झाली. कागद घेऊन आली, दाराजवळच्या खिळ्याला अडकवला आणि मला फोन केला. "आता मला माजं म्हनून एक पुस्तक पायजे. पोरांचं जुनं न्हाय. नवं. मी निवडनार."

मी म्हणाले, "रविवारी ये बारामतीला."

ती सकाळच्या एसटीनं आली. चांगलं लुगडं नेसून. दुकानाच्या दारात तिनं चपला काढल्या. मी म्हणाले, "आये, राहू दे पायात." ती म्हणाली, "पुस्तकं हायती की आत." तरी मी तिला चपला घालायला लावल्या. लोकांनी हसू नये म्हणून. मी तेव्हापासूनच लोकांकडं बघत होते.

आत तिनं सगळ्या फळ्या बघितल्या. मोठं अक्षर मुलांच्या पुस्तकांत असतं, म्हणून ती त्या कोपऱ्यात गेली. कोंबडीच्या गोष्टीचं पुस्तक घेतलं आणि मांडी घालून वाचायला लागली. मोठ्यानं. "कों-ब-डी ओ-र-ड-ली. म-ग अं-डं घा-त-लं." थांबली, हसली. "खोटं हाय ह्ये, अंडं घालायच्या आदी कशी वरडल ती?" पुन्हा बोट ओलं केलं. पुढचं पान.

तिच्या शेजारीच दोन वर्षांचं एक बाळ जाड पुठ्ठ्याचं पुस्तक चावत बसलं होतं. लाळेनं पुठ्ठा भिजला होता. मॅनेजर आईकडं यायला निघाला तेव्हा वाटेत त्या बाळाच्या गालाला हात लावून आला. "हाय, चॅम्प!"

त्याला आमची जात माहीत नव्हती, हे मला मान्य आहे. विचारलं तर तो म्हणेल, स्वच्छतेचा प्रश्न होता. असेलही. पण मग बाळाचं पुस्तक का नाही पुसलं? आणि आईला ते पुसणं नवं नव्हतं. ती लहान असताना मालकाच्या वाड्यावर निरोप सांगायला गेली आणि पायरीवर टेकली की ती उठल्यावर पायरीवर पाणी टाकायचे. हे तिनं मला सांगितलं आहे, रडून नाही, भाकरी थापता थापता. पायरी धुणारा आणि पान पुसणारा यांच्यात पन्नास वर्षं आहेत. तिनं एका नजरेत दोघांना ओळखलं. मी बीएड झालेली, मी ओळखलं नाही. मी सॉरी म्हणाले.

ते पुस्तक आम्हालाच घ्यावं लागलं. "खराब झालंय ना मॅडम." खराब त्यानं केलं होतं, फडक्यानं.

स्टँडवर गाडीची वाट बघत बसलो. मी म्हणाले, "आये, तो माणूसच तसला."

"त्यो परका हाय. त्याचं काय," ती म्हणाली. "गावाकडची कोन मी तुजी?"

गाडी लागली. ती चढली. पिशवीतलं पुस्तक तिनं गाडी सुटेपर्यंत काढलं नाही. घरी जाऊन पत्र्याच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली घातलं, हे मला नंतर दिसलं. त्या आठवड्यापासून पुढच्या वर्गालाही गेली नाही. पन्नाशी उलटल्यावर हाती आलेलं अक्षर तिनं खाली ठेवलं आणि ते ठेवायला मी लावलं. मॅनेजरनं नुसतं पुस्तक पुसलं होतं.

जानेवारीत शाळेच्या गॅदरिंगसाठी बक्षिसाची पुस्तकं घ्यायची होती. मुख्याध्यापकांनी यादी माझ्या हातात दिली आणि त्याच दुकानात पाठवलं. मी गेले. यादी बघताच मॅनेजरनं खुर्ची आणली. चहा मागवला. "बसा ना मॅडम, तुम्ही आवाज दिला असता तर आम्हीच आलो असतो." पुस्तकांचा ढीग माझ्यासमोर लावला. मी पहिलं उघडलं. बोट जिभेला लावलं. पान उलटलं. पुन्हा लावलं. पुन्हा उलटलं. चांगलं सावकाश, त्याच्या डोळ्यांत बघत. तो हसत राहिला. म्हणाला, "निवांत बघा मॅडम."

मग मी विचारलं, "फडकं कुठंय?"

त्याला कळलं नाही. मी त्याला त्या रविवारची आठवण करून दिली. चटई, कोंबडीचं पुस्तक, बाटली. त्याला आठवेना. खरंच आठवत नव्हतं, तोंडावरून दिसत होतं. एवढ्या जणांना पुसून काढलं असेल की कोण लक्षात ठेवणार!

मी उठले. दुकानात ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, "ती गावाकडची बाई माझी आई होती."

"सॉरी मॅडम, काहीतरी गैरसमज..."

यादी घेतली आणि बाहेर आले. चहा तसाच राहिला. मुख्याध्यापक म्हणाले, "एवढ्याशा गोष्टीवरून?" मी म्हणाले, "हो, एवढ्याशाच." पुस्तकं दुसरीकडून आणली.

त्या शनिवारी कळंबला गेले. आई चुलीपुढं होती. मी सगळं सांगितलं, जरा फुशारकीनंच. वाटलं होतं, तिचा जीव थंड होईल.

तिनं भाकरी उलटली. "मी व्हते का तितं?"

"नव्हतीस."

"मग? तवा मी मोरं व्हते तर गावाकडची. आन मी नसताना आई. माज्या मोरं म्हन की."

ती खोटं बोलत नाही आणि उगीच मायाही करत नाही. तव्यावरची भाकरी तिनं माझ्या ताटात टाकली.

तेव्हा हे लिहून ठेवते, म्हणजे मला पळायला वाट उरणार नाही. येत्या रविवारी मी तिला न्यायला कळंबला जाणार. ती नाही म्हणाली तर त्याच्या पुढच्या रविवारी. ती हो म्हणेपर्यंत दर रविवारी. दुकानाच्या दारात तिला चपला काढायच्या असतील तर काढेल आणि मीही काढीन. आम्ही दोघी त्याच चटईवर बसू. पेटीतलं ते फुगलेलं पुस्तक ती उघडेल, बोट ओलं करेल, मोठ्यानं वाचेल. मी शेजारी बसेन, चार हात लांब नाही. तो येईल. विचारेल, तुमच्यासोबत आहेत का ह्या. मी म्हणेन, नाही, मी ह्यांच्यासोबत आहे, ह्या माझ्या आई. त्यानं बाहेर काढलं तर पायरीवर बसून वाचू, येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकू जाईल असं.

आणि सॉरी कुणाला म्हणायचं असेल तर आता त्यानं म्हणायचं. मला नाही, तिला.