पणजीचा निळा तुकडा

बुरुलचा नावाची बाई जुन्या चिंध्या जोडून गोधड्या शिवायची. शेजारच्या अनारकुलने नातवाच्या गोधडीसाठी तिला सासूच्या झग्याचा निळा तुकडा दिला होता. सासू नव्वदीची होऊन गेली. तिचं कापड अंगावर आलं की बाळालाही तेवढं आयुष्य मिळतं, असं आमच्या किर्गिझस्तानातल्या नारीनमध्ये सगळेच मानतात.

तो तुकडा बुरुलचाने चुकून पर्यटकांसाठीच्या पिशवीत शिवला आणि पिशवी विकली गेली. मग तिने बाजारातून तसंच निळं कापड आणलं, जुनं दिसावं म्हणून चहाच्या पाण्यात भिजवलं आणि गोधडीत लावलं.

अनारकुल नातवाला कडेवर घेऊन गोधडी न्यायला आली. “बघ रे लबाडा, पणजी! आता नव्वद वर्षं छळ आम्हाला,” म्हणत तिने निळ्या तुकड्याचा मुका घेतला.

बुरुलचाला ते बघवेना. “नको गं. ते बाजारातलं आहे.”

“आणि आईंचं?”

“पिशवीत गेलं. विकली मी ती.”

“तरीच चहाचा वास येतोय. उसव. माझ्यादेखत.”

बुरुलचाने खाली मान घालून एकेक टाका उसवला. आतला पांढरा कापूस दिसू लागला. अनारकुलने गोधडी तशीच उचलली आणि पाहुण्याने निघताना मोडायचाच असतो तो समोरच्या रोटीचा तुकडाही न मोडता ती निघून गेली.