कुणाला किती वेळ लागतो

आमचे भाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, व्यायामाचे डॉक्टर आहेत. फिजिओथेरपी हा शब्द आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना उच्चारता येत नाही, म्हणून हे सुटसुटीत नाव. लुळा पडलेला हात, प्लास्टरमधून सुटलेलं मनगट, आखडलेला खांदा, जे जे हलायचं थांबलंय ते पुन्हा हलतं करणं हे त्यांचं काम. दवाखान्याचं काउंटर मी सांभाळते. नंबर लावायचे, फोन घ्यायचे, कुणाचा टॉवेल कुणाकडे गेला त्याची भांडणं सोडवायची आणि भाऊजींना वेळेवर जेवायला बसवायचं. त्यातलं शेवटचं काम सगळ्यात अवघड, कारण जेवणाच्या सुट्टीत भाऊजी फोनवर पोकर खेळायचे.

खरे पैसे नव्हते हं त्यात. रोज सकाळी फुकट मिळणारी खोटी नाणी, तीच लावायची आणि तीच हरायची. नाहीतर तो फोन मीच खिडकीबाहेर भिरकावला असता. पण खोट्या नाण्यांसाठी माणूस किती मनापासून हुशार व्हायला निघतो, ते मी भाऊजींकडे बघून शिकले.

खेळ त्यांनी मला इतक्या वेळा समजावलाय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. प्रत्येकाकडे दोन पत्ते झाकलेले, मध्ये पाच पत्ते एकेक करून उघडत जाणार. आपला डाव बरा वाटला तर नाणी वाढवायची, नाही वाटला तर पत्ते टाकून द्यायचे. आणि हातात काहीच नसताना खूप काही असल्याचा आव आणून समोरच्याला पळवून लावायचं, ही त्यातली खरी गंमत. सुरुवातीला भाऊजी रोज सपाटून मार खायचे. चहा येईपर्यंत नाणी संपलेली, तोंड लहान मुलासारखं झालेलं. मग त्यांनी अभ्यास सुरू केला. बसस्टॉपवर, न्हाव्याच्या खुर्चीत, जिथे वेळ मिळेल तिथे पोकरचे व्हिडिओ बघायचे. हरलेला डाव पुन्हा लावून कुठे चुकलं ते शोधायचे. डॉक्टरकीच्या परीक्षेला एवढा अभ्यास केला नव्हता, असं यांनी, म्हणजे त्यांच्या सख्ख्या भावाने, मला सांगितलंय.

"वहिनी, आपण पत्ते खेळतच नसतो," ते मला एक दिवस डब्याचं झाकण हातात धरून सांगू लागले. "आपण माणसं खेळत असतो."

"फोनवर कुठली आलीत माणसं? टोपणनावं तर दिसतात नुसती."

"चेहरा दिसत नाही, पण वेळ दिसतो ना! कुणाला किती वेळ लागतो ते बघायचं. पटकन नाणी टाकली की समजायचं, पत्ते चांगले आहेत. घड्याळ संपत आलं तरी बोट पुढे येत नाही, म्हणजे माणूस घाबरलाय. तिथेच झडप घालायची."

झडप घालणाऱ्याचं टोपणनाव होतं वाघोबा. झुरळ दिसलं की खुर्चीवर चढणारा आमचा वाघोबा! मी पोट धरून हसले. पण खरंच ते जिंकायला लागले. त्या खेळात प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे आपल्यापुरता एक रंगीत ठिपका देता येतो. भाऊजींनी सगळ्यांना ठिपके वाटले. उतावळ्यांना लाल, सावधांना निळा, भित्र्यांना पिवळा. पिवळा ठिपका टेबलावर आला की भाऊजींचे डोळे चमकायचे.

त्या पिवळ्यांत 'मोरपीस' म्हणून एक खेळाडू होता. नवशिक्यांच्या टेबलावर दुपारी हमखास यायचा. दरवेळी घड्याळ जवळजवळ संपेपर्यंत थांबायचा. भाऊजी बघत राहायचे आणि त्याला वेळ लागतोय असं दिसलं की पुढच्या फेरीत नाणी दामदुप्पट वाढवायचे. कधी मोरपीस पत्ते टाकायचा, कधी घड्याळच संपायचं आणि पत्ते आपोआप टाकले जायचे. त्या खेळात एकमेकांना चित्रंही पाठवता येतात. भाऊजी त्याला दरवेळी कासव पाठवायचे. मला फोन दाखवून पाठवायचे, आणि मीही हसायचे.

आता बाईंबद्दल सांगते.

बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. आमच्या दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी मोठ्या माणसांनी कधीकाळी त्यांच्या खोलीबाहेर ओणवं उभं राहून काढलेलं. बाई आत आल्या की ती माणसं अजूनही पाय पसरून बसत नाहीत. अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. बोलणं शाबूत, नजर शाबूत, चालणंही काठीने ठीक, फक्त उजवा हात मांडीवर पडलेला. पहिल्या दिवशी भाऊजींनी विचारलं, "बाई, काय काय करता यावं असं वाटतं?"

"मला माझी बटणं लावायची आहेत," बाई म्हणाल्या. "सून गुणाची आहे. कधी कपाळाला आठी नाही तिच्या. पण रोज सकाळी तिच्यासमोर छाती पुढे करून उभं राहायचं, हे मला सहन होत नाही. बाकी हात नाही हलला तरी चालेल."

सून शेजारीच उभी होती. ती खाली बघत राहिली.

भाऊजी त्यांच्या कामात वाकबगार आहेत, हे मी चारचौघांत सांगेन. बाईंच्या हाताला त्यांनी रबराचा गोळा दाबायला दिला, कपड्यांचे चिमटे दोरीला लावायला दिले. बोटं जरा हलायला लागल्यावर म्हणाले, "घरी कंटाळा येतो ना या सगळ्याचा? मग फोनवर पोकर खेळा. बरोबर बटणावर बोट न्यायचं आणि घड्याळ संपायच्या आत दाबायचं. बोटांना याच्याइतका चांगला व्यायाम नाही."

"वर्गात पत्ते सापडले की मी जप्त करायचे," बाई म्हणाल्या. "आता जप्त केलेले सगळे खेळायचे म्हणा की!" सगळा दवाखाना हसला. सुनेने तिथेच बसून बाईंच्या फोनवर तो खेळ घेतला. भाऊजींनी बजावलं, "दुपारी जेवण झालं की खेळायचं. उजव्याच हाताने. डाव्याने खेळलात तर मला कळेल."

तोच खेळ, तीच वेळ, नवशिक्यांचं तेच टेबल. पण आमच्या कुणाच्या डोक्यात उजेड पडला नाही.

काही आठवड्यांनी बाई आल्या तेव्हा हात पुन्हा कडक झाला होता. भाऊजींनी बोटं उघडून बघितली आणि ते चिडले. "व्यायाम बंद केलात ना? बाई, हे पहिले महिने हातचे गेले तर पुढे मी काही करू शकणार नाही. हे मी घाबरवायला सांगत नाही."

"फोन खणात ठेवून दिलाय त्यांनी," सून हळूच म्हणाली.

"हो, ठेवलाय," बाई म्हणाल्या. "तिथे एक वाघोबा म्हणून आहे. मला जरा उशीर झाला की तो अंगावर येतो. परवा माझ्याकडे दोन एक्के होते. दोन! बोट बटणापर्यंत न्यायला गेले तर थरथरलं, घड्याळ संपलं, पत्ते गेले. वर त्याने मला कासव पाठवलं. एकदा नाही, रोज पाठवतो. आयुष्यभर मी मुलांना सांगत आले की वेळ लागला तर लागू दे. आणि या वयात कुणीतरी मला कासव म्हणतंय. नको मला तो व्यायाम आणि नको ते चिमटे."

काउंटर आणि आतली खोली यांच्यामध्ये फक्त एक अर्धी फळी आहे. मी मान वर केली. भाऊजींच्या हातात बाईंचा हात तसाच होता आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या हाताला किती वेळ लागतो हे जगात त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, त्याच हाताला त्यांनी भित्रा ठरवून पिवळा ठिपका दिला होता. घाबरलेलं माणूस आणि न हलणारं बोट यातला फरक ओळखण्यावर ज्याचं पोट चालतं, त्याने!

तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. मी फळीवरून डोळे मोठे करून त्यांना खुणावलंही. पण भाऊजी म्हणाले, "एवढा आठवडा माझ्यासाठी खेळा, बाई. असले लोक आपणहून गप्प होतात."

बाई निघून गेल्यावर मी आत गेले. "सांगितलं का नाही?"

"काय तोंडाने सांगू, वहिनी? त्या उठून गेल्या तर हात कायमचा जाईल. आधी हात येऊ दे. मग सांगतो."

यात हाताची काळजी किती आणि स्वतःचं तोंड लपवणं किती, ते मी त्यांना विचारलं नाही. दुपारी बघितलं तर वाघोबा मोरपिसासमोर शेळी होऊन बसला होता. मोरपिसाने नाणी वाढवली की भाऊजी पत्ते टाकायचे. हातात चांगला डाव असला तरी टाकायचे. कासव बंद झालं, त्याऐवजी टाळ्यांचं चित्र जाऊ लागलं. जेवण तसंच राहायचं आणि भाऊजी गंभीर चेहऱ्याने हरत बसायचे.

आणि बाईंचा हात सुधारला! खोटं कशाला बोलू, डोळ्यांदेखत सुधारला. त्या यायच्या त्याच मुळी डोलत. "आज वाघोबाला तीनदा पळवलं," असं बाकावरच्या लोकांना सांगायच्या. चिमटे, गोळा, सगळं पुन्हा सुरू झालं. मग भाऊजींनी बटणांची पाटी काढली. लाकडी फळीवर कापड ताणून बसवलेलं, त्यावर बटणं आणि काजं. बाईंनी ओठ दाबून, घाम पुसत त्यावरची दोन बटणं लावली. दुसऱ्या दिवशी आल्या त्या अंगात नवा स्वेटर घालून. मोठी मोठी बटणं, सैल काजं. तो मुद्दाम आणायला भाऊजींनीच सुनेला सांगितलं होतं. "खालची दोन माझी," बाई म्हणाल्या. सुनेने डोळे पुसले. मीही पुसले, आणि मनात म्हटलं, झाकलं ते झाकलेलं राहू दे आता.

झाकलेलं राहिलं नाही. नंतरच्या एका सकाळी बाई आल्या त्या गप्प होत्या. बाकावर माणसं होती, तरी त्या आत न जाता काउंटरपाशीच उभ्या राहिल्या आणि तिथूनच भाऊजींना हाक मारली.

"काल मी पत्ते बघितलेच नाहीत," त्या म्हणाल्या. "फोनवर रुमाल टाकला, बटण तेवढं उघडं ठेवलं आणि दरवेळी नाणी वाढवली. वाघोबा दरवेळी पळाला. दरवेळी. मुलं मुद्दाम हरायला लागली की मला कळतं, डॉक्टर. आयुष्यभर त्यांना बाकांवर बसलेलं बघितलंय, कळतं. तर मी रात्रभर विचार केला की माझ्या हाताचं त्या माणसाला कुणी सांगितलं असेल? मी खेळते आणि मला वाघोबा छळतो, हे मी घराबाहेर एकाच ठिकाणी बोलले होते. वाघोबा तुम्ही का?"

भाऊजींनी मान खाली घातली. "हो."

मला वाटलं, आता बाई फाडून खाणार. पण त्यांचा आवाज चढला नाही.

"कासवाचं मला काही नाही. तेव्हा तुम्हाला ठाऊक नव्हतं. पण कळल्यावर तुम्ही मला जिंकवत बसलात. मी रोज घरी जाऊन सांगत होते की आज जिंकले. सुनेने तिच्या माहेरी फोन करून सांगितलं, मुलाने ऑफिसात सांगितलं. मी इथे येऊन या सगळ्यांना सांगितलं." त्यांनी बाकाकडे हात केला, उजवाच हात, अर्धा उचललेला. "आणि तुम्ही तिथे उभे राहून ऐकत होतात."

"बाई, माझी चूक झाली. मला..."

"आता एवढंच खरं सांगा. बटणं तरी मी लावली का?"

"तुम्हीच लावलीत."

"मदत नव्हती?"

भाऊजींना खोटं बोलता आलं असतं. बोलले असते तर मी दोष दिला नसता. पण ते म्हणाले, "काजं मोठी होती. पाटीवरची पण आणि स्वेटरची पण. सुरुवातीला सगळ्यांना तसंच देतात, बाई. तो उपचारच आहे. बोटं तुमचीच होती."

एकेक अक्षर खरं होतं. पण बाईंच्या कानात आता ते शिरत नव्हतं. बाईंनी स्वेटरकडे बघितलं. मग डाव्या हाताने एकेक करून सगळी बटणं सोडवली.

"बाई, बसा ना आत," मी म्हटलं.

त्या दाराशी गेल्या. बाहेर गार वारा होता. सून घाईने पुढे झाली आणि नेहमीच्या सवयीने मध्येच थांबली, कारण खालच्या दोन बटणांना हात लावलेला बाईंना खपत नसे. बाईंनी दोन्ही हात खाली सोडले आणि छाती पुढे करून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. सुनेने सगळी बटणं लावली, खालची दोनसुद्धा.