मैनाबाईचं विसण

आमच्या घरी डबा आला त्या दिवशी अर्धं गाव डबा पाहाले आलं, अन् ज्या पोरीसाठी तो आला तिच्याकडे कोनं ढुंकूनही पाह्यलं नाही. डब्यावर एका गोऱ्यागोमट्या लेकराचं चित्र होतं. आमची छबी दीड महिन्याची, सावळी, मुठीएवढी. बायका डब्यावरच्या लेकरावरून बोटं मोडून गेल्या. असं जग आहे बाप्पा.

मैनाबाई माह्यी मोठी जाऊ. राळेगावच्या पुढं आमचं गाव, पऱ्हाटी-तुरीचं वावर, अन् घरात तिचा शब्द शेवटचा. छबी तिची नात. छबीच्या मायले, कौसल्याले, बाळंतपण होत नाही तं मुदतीचा ताप भरला. जीव वाचला, पण दूध आटलं. मंग छबीचा बाप, मैनाबाईचा पोरगा, हिंगणघाटले कापसाच्या जिनात कामाले होता, त्यानं हा भुकटीच्या दुधाचा डबा आणला. साल बासष्ट. तोवर आमच्याकडे मायले दूध नसलं की बकरीचं, नाही तं शेजारणीचं. डबा कोनं पाह्यला होता?

"याच्यात पाणी घालून पाजजा," पोरानं सांगतलं अन् दुपारच्या एस.टी.नं निघून गेला. कोणतं पाणी, ते काही त्यानं सांगतलं नाही. डब्यावर लिहलं असंन, पण ते इंग्रजीत. माह्या जेठांनी, म्हणजे मैनाबाईच्या मालकांनी, नानाजींनी, चष्मा लावून डबा चारी बाजूनं फिरवला अन् जाहीर केलं, "चांगलं पाणी घाला म्हणते." नानाजीले इंग्रजीचं एक अक्षर येत नोहतं. पण ते विचारायची घरात कोणाची टाप होती?

आता चांगलं पाणी कोणतं? आमच्याकडे पाण्याची पारख एकच. ज्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजते ते पाणी चांगलं. नानाजीनं आंगणात तीन चुली मांडल्या. एकीवर गावविहिरीचं पाणी, एकीवर आमच्या वावरातल्या विहिरीचं, अन् तिसरीवर नाल्यातल्या झिऱ्याचं. नाल्याच्या रेतीत खड्डा केला की जे पाझरते, तो झिरा. तिन्ही गंजांत सारखी डाळ टाकली अन् गाव भोवताल बसलं, जसं काही कुस्त्याच लागल्या. आमच्या विहिरीची डाळ शेवटपर्यंत दाताखाली कचकच करे. नानाजीचं तोंड उतरलं. झिऱ्याची डाळ मात्र पयले गळली. त्या झिऱ्याच्या वरच्या अंगाले गावच्या म्हशी दिवसभर डुंबत, पण डाळीची त्याबद्दल काही तक्रार नोहती.

छबीले झिऱ्याचं पाणी सुरू झालं. लोकं डाळ खाऊन घरी गेले.

आठवडा गेला नाही तं पोरीले हगवण लागली. डोळे खोल गेले, टाळू खाली बसली, रडाचाही आवाज निघेना. मैनाबाई तिले मांडीवर घेऊन बसली ती उठेच ना. कोणी म्हणे दृष्ट, कोणी म्हणे डब्यातलं दूध उष्ण पडलं. शेवटी राळेगावच्या दवाखान्यातल्या हंसाबाई नर्सले बोलावलं. ही नर्सबाई पायी हिंडे, छत्री घेऊन, अन् बोले तं सारं गाव ऐके. तिनं पोरीले पाह्यलं, डबा पाह्यला, मंग विचारलं, "पाणी कुठलं?"

नानाजीनं मोठ्या हौसेनं तीन चुलींची गोष्ट सांगतली.

"डाळ खाऊन बघितलीत नानाजी, नाला का नाही बघितला?" नर्सबाई ओरडली. "डाळ चुलीवर शिजते म्हणून तुम्हाला काही होत नाही. पोरीच्या पोटात चूल आहे का? हे पाणी बंद. विहिरीचं घ्या, बांधलेल्या काठाच्या. गाळा, खळखळ उकळू द्या, झाकून ठेवा, कोमट झालं की त्यात भुकटी कालवा. दूध पाजायचं बोंडलं अन् चमचाही उकळून घ्या. अन् असंच चाललं तर ही पोर हातची जाईल, आताच सांगते."

ते शेवटलं मैनाबाईच्या काळजात गेलं. तिनं ते पाणी असं धरलं की कोणी उपासही धरत नसंन. सकाळी आंघोळ करून, ओल्या लुगड्यानं, आमच्या वावरातल्या बांधलेल्या विहिरीवरून स्वतः पाणी आणे. दुपदरी फडक्यातून गाळे. नवी पितळी गुंडी चुलीवर चढवे अन् उकळी फुटली तरी उतरवे ना. चुलीपाशी कोणाची सावली पडू देईना. कौसल्या बिचारी खाटेवरून सासूले म्हणे, "मामीजी, मी करू का?" तं तिलेही जवळ येऊ देईना. चांदीचं बोंडलं उकळून उकळून काळं पडलं. मी या घरात आल्यापासून मैनाबाईनं कोणाचं सांगणं एवढं ऐकलेलं पाह्यलं नोहतं, नानाजीचं तं नाहीच नाही.

तरी हगवण थांबेना. दोन दिवस बरी राहे, पुन्हा सुरू. कौसल्या भिंतीकडे तोंड करून पडून राहे. तिनं पोरीकडे पाहणंच सोडलं होतं, पाह्यलं तं माया लागंन म्हणून.

नर्सबाई पुन्हा आली. चिडलेलीच आली. "पाणी उकळता?" "हो." "गाळता?" "हो." "झाकता?" "हो बाई, हो, कोण्या देवाची शपथ घेऊ?" मैनाबाई रडकुंडीले आली. त्यात एकही खोटं नोहतं. मी साक्षीले होती, मीही मान हालवली.

"माझ्यासमोर करा," नर्सबाई म्हणली अन् पाटावर बसली.

मैनाबाईनं सारं केलं. पाणी उकळलं, उतरवलं, झाकलं. जराकशानं झाकण काढलं, वाफ निघाली. मंग तिनं कोपऱ्यातल्या माठात गडवा बुडवला अन् चुळकाभर थंड पाणी त्या गुंडीत टाकलं.

"हे काय केलं?" नर्सबाई पाटावरून उठलीच.

"काय केलं? विसण घातलं."

मी रोज पाहो ते. कौसल्या पाहे, नानाजी पाहे. पण विसण घालणं कोणाच्या नजरेत भरते का? ऊन पाणी घेतलं की त्यात थंड पाणी टाकाचं, हे आम्ही श्वास घेतल्यासारखं करतो. नर्सबाईनं विचारलं उकळता का, गाळता का. विसण घालता का, हे तिनंही विचारलं नोहतं.

"मावशी, एवढं उकळून त्यात कच्चं पाणी? सगळं मुसळ केरात! कोमट होईपर्यंत थांबता येत नाही?"

"थांबाचा सवाल नाही," मैनाबाई ताठ झाली. "बिना विसणाचं ऊन पाणी मढ्याले घालतेत. जित्या माणसाले विसण लागतेच. माह्या नातीच्या तोंडात मी मढ्याचं पाणी घालू?"

"अहो, तुमच्या विसणानंच ती मढं होईल!"

हे ऐकल्यावर मैनाबाईनं गुंडी हातात उचलली. मले वाटलं आता ही नर्सबाईच्या डोस्क्यावर रिकामी करते. दोघी अशा भांडल्या की नानाजी वावरात जातो म्हणून निघून गेले. ही म्हणे विज्ञान, ती म्हणे रीत. अन् पोरगी मधात, मांजराच्या पिलावाणी कण्हत. माह्यं डोस्कं असं भडकलं!

"अवो, मंग ते विसणच उकळून घाला न!" मी ओरडली. "एका गंजात पाणी उकळा, दुसऱ्या गंजात विसण उकळा, थंड करा, अन् घाला एकमेकात! म्हणजे तुमचंही खरं अन् तिचंही खरं, अन् पोरगी मेली तरी चालते!"

मी टोमणा मारला होता. पण नर्सबाईनं मैनाबाईकडे पाह्यलं. मैनाबाई म्हणली, "उकळून थंड केलं तरी ते विसणच होय न?" नर्सबाई म्हणली, "मला चालेल." आयुष्यात पयल्यांदा कोनं माह्या टोमण्याचा उपयोग केला.

त्या दिवसापासून आमच्या चुलीवर दोन गुंड्या. एक पाण्याची, एक विसणाची. विसणाची सकाळीच उकळून झाकून ठेवाची. पंधरवड्यात छबीची टाळू भरली. महिन्यात तिनं नानाजीचा चष्मा ओढला. मंग श्रेय घ्याले रांग लागली. नानाजी म्हणे, शेवटी आपल्याच विहिरीचं पाणी लागू पडलं. जिनवाला पोरगा म्हणे, डबा भारीचा होता. मैनाबाई तं गावभर बाळंतिणींले शिकवत हिंडे, "विसणही उकळा बायांनो, विसणही," जसं काही तिनंच शोधून काढलं. टोमणा माह्या तोंडचा, पण जाऊ द्या. मोठी जाऊ आहे.

दिवाळीच्या आधी एका दुपारी नर्सबाई चहा प्याले थांबली. छबी पाळण्यात झोपली होती. मैनाबाई राखेनं विसणाची गुंडी घासून राह्यली होती. घासता घासताच, मान वर न करता, तिनं विचारलं.

"नर्सबाई, माह्ये दोन लेकरं गेले. गणपत अन् त्याच्या पाठची पोरगी. मले दूध कमी होतं. गाईचं दूध पाजो, पाणी टाकून. पाणी उकळूनच टाको, माह्या सासूचा तसा हुकूम होता. अन् विसण घालो." तिचा हात थांबला. "दोघंही हगवणीनंच गेले. ते कायनं गेले असतीन?"

हीच नर्सबाई, जिनं मागच्या महिन्यात अंगारा घेऊन आलेल्या भगताले आमच्या आंगणातून छत्री उगारून हाकललं होतं. तिनं बशी खाली ठेवली.

"देवीची मर्जी होती मावशी," ती म्हणली. "पाण्याचा त्यात काही संबंध नाही."

मैनाबाईनं वर पाह्यलं. "तुमी तं देवी मानत नाही."

"आज मानते," नर्सबाई म्हणली.

मैनाबाईनं ती गुंडी पोटाशी धरली, राखेसकट, अन् रडली. दोन्ही लेकरांच्या वक्ताले मी या घरात होती. तेव्हा ती रडली नोहती.