बसूअण्णांचा भात्याचा कॅमेरा

फोटो काढून झाला की बसूअण्णा स्वतःलाच मोठ्याने हुकूम सोडत, "बसप्पा, गुंडाळ!" मग किल्ली फिरवून फिल्म पुढे सरकवत. त्यांचा कॅमेरा महायुद्धाच्या काळातला, जपानी. ब्रह्मदेशातून परतलेल्या एका शिपायाने तो त्यांच्या वडिलांना दिला होता. झाकण उघडलं की लोहाराकडे असतो तसला काळा भाता पुढे यायचा. फिल्म सरकवायला विसरलं, तर तो बिनतक्रार त्याच फोटोवर दुसरा फोटो घ्यायचा. म्हणून ही आरोळी.

अण्णा मूळचे दुधनीचे. सोलापुरात आमच्या घराशेजारी त्यांचं भुसार दुकान होतं. घरात कन्नड, गिऱ्हाइकांशी मराठी आणि कॅमेऱ्यामागे दोन्हींची भेसळ. माझा पहिला फोटो काढताना ते म्हणाले, "नग्री!" म्हणजे कन्नडमध्ये हसा. मला वाटलं, नगरी विचारतायत. मी म्हणालो, "सोलापूर." अण्णाच इतके हसले की फोटो हलला. सगळं जग मोबाइलवर फोटो काढत असताना हा माणूस फिल्म मागवून, उजेडाची वाट बघत उभा राहायचा. "घाई असंल तर मोबाइल हाय की," म्हणायचे. "ह्येला दम लागतो." मला त्या दमाचं फार कौतुक वाटे.

माझी वळसंगची आत्या मात्र फोटोला कधीच तयार नसे. लहानपणी देवी येऊन तिचा एक डोळा गेला होता, चेहरा व्रणांनी भरला होता. मोबाइल दिसला की पदर तोंडावर. आईमागे मला तिनेच वाढवलं, आणि माझ्याजवळ तिचा एकही फोटो नव्हता. एका हिवाळ्यात ती फारच थकली. डॉक्टरांनी फारशी आशा ठेवू नका म्हणून सांगितलं, तसा मी अण्णांना घेऊन वळसंगला गेलो.

अण्णांनी तिच्या फोटोचा विषयच काढला नाही. चहा झाल्यावर कॅमेरा तिच्या हातात दिला. "अक्का, आदी तुमी माजा काढा."

"मला एका डोळ्याच्या बाईला काय जमतंय?"

"ह्यात बघाया एकच डोळा लागतो. आमालाच दुसरा मिटून घ्यावा लागतोय की!"

आत्या खुदकन हसली. अण्णांना अंधाऱ्या दारात बसवून तिने कॅमेरा तिरका धरला आणि खटका दाबला. मग पदर डोक्यावर सारखा करून आपणच त्या दारात जाऊन बसली. "काड आता माजा."

त्या आनंदात अण्णा आरोळी विसरले.

फोटो धुऊन आला. काळ्या दारात आत्या, एका डोळ्याने सरळ समोर बघणारी, आणि तिच्या खांद्याला खांदा लावून अण्णा! अण्णांचं तोंड एवढंसं झालं. परत काढतो म्हणाले. आत्या ऐकेना. "लई झाक आलाय. जोडीला माणूस हाय, ऱ्हाऊ दे त्योच." पुढे पंधरवड्यातच ती गेली.

दिवसकार्याला तो फोटो मांडला, हार आणला आणि सगळे अडले. जित्या माणसाच्या फोटोला हार घालायचा कसा? कापावा, तर खांदे एकमेकांत मिसळलेले. चुलतभाऊ म्हणाला, "नको, अभद्र हाय. फोटोच ठेवू नगा." अण्णा तर मांजर आडवं गेलं तरी दुकान उशिरा उघडणारे. माझा त्यांना विचारायचा धीर होईना, आणि आत्याचा तो एकुलता फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवायचा, या विचाराने मला रडू येत होतं.

अण्णा मागून उठून आले. त्यांनी हार उचलला आणि दोघांच्या गळ्यांवरून नीट बसवला.

"अक्का जन्मात एकदा फोटोला बसल्यात," ते म्हणाले. "आता मी शेजारनं उठून जाऊ व्हय?"